सपाट मुलखात राहून जवळचा डोंगर कसा शोधायचा

अकोला, परभणी किंवा सोलापूरकडच्या माणसाच्या मनात डोंगर म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्री म्हणजे रात्रभराचा प्रवास. इगतपुरीला उतरायचं, जीप ठरवायची, कळसूबाई चढायची आणि दुसऱ्या रात्री परतीच्या गाडीत उभं राहून यायचं. एवढा खटाटोप दर रविवारी कोण करणार? मग डोंगर वर्षातून एकदाच होतो. वास्तविक या तिन्ही शहरांतून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल इतक्या अंतरावर चढण्याजोगी जमीन आहे. ती आपल्याला सापडत नाही, कारण आपण शिखर शोधत बसतो आणि आपल्याकडे असतो तो बहुतेक वेळा पठाराचा कडा.

हा कडा घरबसल्या नकाशावर कसा हेरायचा, गच्चीवरून दिसेल की नाही हे कसं काढायचं आणि जाण्याआधी काय तपासायचं, ते पुढे सांगतो. उदाहरणं मुख्यतः वऱ्हाड आणि मराठवाड्यातली आहेत, पण पद्धत कुठेही चालते.

समुद्रसपाटी विसरा, पायथा बघा

डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सांगायची रीत आहे आणि सपाट मुलखातल्या माणसाची पहिली दिशाभूल तिथेच होते. बंगळूर नऊशे मीटरच्या वर आहे, पण तिथे राहणाऱ्याला आपण डोंगरावर आहोत असं वाटत नाही. नरनाळा किल्लाही नऊशे मीटरच्या वरच आहे. पण त्याच्या खालची अकोटकडची शेतं तीनशेच्या आसपास असल्यामुळे तो भिंतीसारखा उभा दिसतो. पायाला आणि डोळ्याला जाणवतो तो हा फरक. मी त्याला उठाव म्हणतो.

म्हणून आधी आपल्या गावाची उंची पाठ करा. बऱ्याच रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर ती लिहिलेली असते. नागपूर साधारण ३१० मीटर, अमरावती ३४०, अकोला २८०, सोलापूर ४५० च्या थोडं वर. कुठल्याही डोंगराचा आकडा कानावर आला की त्यातून आपला आकडा वजा करायची सवय लावून घ्या. चिखलदऱ्याचे १,११८ मीटर अमरावतीकराच्या दृष्टीने पावणेआठशे मीटर होतात. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, या हिशेबाने तिथे अमरावतीपेक्षा पाचेक अंश थंड असायला हवं, आणि साधारण तसंच असतं.

डोंगर कशाला म्हणायचं याची एक चाळणी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या अभ्यासकांनी २००० साली वापरली होती. समुद्रसपाटीपासून ३०० ते १,००० मीटर उंचीची जमीन असेल, तर सात किलोमीटर त्रिज्येच्या आत सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागेत ३०० मीटरहून जास्त फरक असला पाहिजे. आपला बहुतेक मुलूख याच पट्ट्यात येत असल्याने ही चाळणी आपल्याला बरोबर बसते. तिच्यातून बालाघाटाचा बराच भाग गळून पडेल, सातपुड्याची दक्षिण बाजू सहज पार होईल. मी स्वतः मात्र शंभर मीटरच्या उठावालाही नाक मुरडत नाही. रोज सकाळी चढायला शंभर मीटर पुष्कळ झाले.

आपल्याकडे डोंगर कुठे असतात

दख्खनचा खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आडवे थर आहेत. नद्यांनी हे थर कोरले, आणि जे कोरायचं राहिलं ते पठार म्हणून उरलं. त्यामुळे मराठवाड्यात घाट चढून वर गेलात की पुन्हा ज्वारी, तूर, बोअरवेल आणि सपाट रस्ताच लागतो. नवख्याचा तिथे विरस होतो. इलाज सोपा आहे. पठाराच्या मध्यात जायचंच नाही, काठाला धरून राहायचं. दऱ्या, धबधबे, लेणी, जुन्या पायवाटा सगळं काठावरच असतं.

वऱ्हाडाची जुनी वाटणी हे नीट सांगते : मधला पयनघाट, दक्षिणेचा बालाघाट, उत्तरेचा मेळघाट. पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट म्हणजे एक परात समजा, जिचा दक्षिणेचा काठ बुटका आहे आणि उत्तरेचा उंच. उत्तरेचा काठ एवढा सरळ उठण्याचं कारण जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या पायथ्याने गाविलगड भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, जाते. तिच्या उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली, आणि खचलेल्या भागात गाळ भरत गेला. आपला खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. विहिरीच्या खाऱ्या पाण्याला शिव्या घालताना समोरची निळी रेघ त्याच घडामोडीतून आली, हेही लक्षात असू द्यावं.

नकाशावरचं काम

गूगल मॅप्समध्ये लेयरच्या बटणाखाली टेरेन निवडा. गावावर बोट ठेवून ५०, १०० आणि १५० किलोमीटरची वर्तुळं मनात आखा आणि सावली कुठे गडद होते ते बघा. एवढ्याने दिशा कळते, बाकी काही नाही. टेरेनची सावली भुलवते. पन्नास मीटरची टेकडी आणि पाचशे मीटरचा कडा तिच्यात सारखेच रुबाबदार दिसतात.

म्हणून पुढची पायरी समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची. ओपनटोपोमॅप हे संकेतस्थळ मोफत आहे आणि त्यावर रेषा व आकडे दोन्ही मिळतात. त्यातली उंची मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून घेतली आहे. ही मोजणी मोठ्या कड्यांसाठी विश्वासार्ह आहे, पण टोकदार सुळके ती थोडे बोथट करते आणि दाट झाडीत झाडांचे शेंडेही जमिनीत धरते. पाच-दहा मीटरवरून कोणाशी वाद घालू नये.

खरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, ५० हजारांत एक प्रमाणाचा. त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की पीडीएफ मिळते. एक पत्रक अक्षांश-रेखांशाच्या पंधरा-पंधरा मिनिटांचं, म्हणजे आपल्याकडे साधारण २६ बाय २८ किलोमीटरचं असतं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. तपकिरी रेषा सहसा वीस मीटरच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा मोजल्या, तर पाचशे मीटर चालताना शंभर मीटर चढ. हा दमवणारा, पण हाताचा आधार न घेता जाण्यासारखा चढ. रेषा एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टाच झाला असेल तर तिथे कडा आहे, वाट दुसरीकडे शोधा. रेषा कडेकडेने दाट आणि मध्ये एकदम विरळ असतील, तर वर पठार आहे.

या विभागाची आपल्या सपाट मुलखाशी एक जवळीक आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख विल्यम लॅम्टन १८२३ साली काम चालू असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. देशभरच्या शिखरांना उंचीचे आकडे मिळाले ते पुढे याच मोजणीतून.

रेषा वाचायचा कंटाळा असेल त्यांनी संगणकावरचं गूगल अर्थ उघडावं. गावापासून संशयित डोंगरापर्यंत एक रेघ ओढली आणि तिचा उंचीचा आलेख मागवला की जमिनीचा छेद समोर येतो. आलेख चाळीस किलोमीटर हळूहळू चढत असेल तर तो नुसता उतार. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये एकदम उसळला, तर तोच तुमचा डोंगर. आलेखाची उभी पट्टी आपोआप ताणली जाते, म्हणून आकार बघून हुरळू नका, डावीकडचे आकडे वाचा.

उंचीचा एकही आकडा नसलेल्या साध्या नकाशावरही डोंगर ओळखू येतो. धरणं बघा. मेळघाटाच्या पायथ्याने वान, शहानूर, सापन, चंद्रभागा अशी ओळच लागली आहे, कारण नदी डोंगर सोडून मैदानात उतरते तिथेच धरण बांधणं सोयीचं असतं. दक्षिणेला पातूरजवळ मोर्णा आणि निर्गुणा आहेत, ती बालाघाटाची खूण. रेल्वेही तेच सांगते. मुंबई–हावडा मार्ग भुसावळ ते बडनेरा पयनघाटातून जवळजवळ सरळ जातो, आणि अकोल्याहून खांडव्याला जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गाला मात्र सातपुडा चढण्यासाठी धूळघाटाजवळ स्वतःवरूनच वळसा घ्यावा लागला होता. रस्ता विनाकारण नागमोडी झालेला दिसला की तिथे बोट ठेवा.

गच्चीवरून दिसेल का

नकाशावर नक्की झालेला डोंगर घरून दिसतो का, हे आकडेमोडीने काढता येतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे डोंगराचा खालचा भाग झाकला जातो. अंतराचा किलोमीटरमध्ये वर्ग करा, पंधराने भागा : उत्तर म्हणजे झाकले गेलेले मीटर. हवेत प्रकाश थोडा वाकतो, तेही या पंधरात धरलं आहे.

अकोल्यापासून गाविलगडाच्या रांगेची धार सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. साठचा वर्ग ३,६००, भागिले पंधरा, २४० मीटर. शहराच्या मानाने धारेचा उठाव साडेसहाशे मीटरच्या पुढे धरला तर वरचे चारशे मीटर तरी शिल्लक राहतात. म्हणजे दिसायला हरकत नाही. पण किती? साठ किलोमीटरवर चारशे मीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी. हात पूर्ण लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, त्याच्या अर्ध्याहून कमी. मोठ्या पर्वतरांगेच्या अपेक्षेने बघाल तर नजर वरून निघून जाईल. क्षितिजाला चिकटलेली निळसर पट्टी शोधा, ढगापेक्षा सरळ आणि तासाभरानेही जागेवर असलेली.

नागपूरकर मात्र धूपगडाचा नाद सोडून देवोत. सातपुड्यातलं हे सर्वोच्च शिखर १,३५० मीटरच्या आसपास आहे, पण नागपूरपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून दूर. दीडशेचाच वर्ग धरला तरी दीड हजार मीटर झाकले जातात आणि शहराच्या मानाने शिखराचा उठाव जेमतेम १,०४० आहे. हवा कितीही स्वच्छ असो, ते दिसणार नाही. सोलापुरातून तुळजापूरची धार कागदावर ऐंशीएक मीटर डोकावते, पण चाळीस किलोमीटरवरून ती डोंगर वाटत नाही. पाण्याच्या टाकीवर चढून दुर्बीण लावली तर गोष्ट वेगळी.

वेळ कोणती निवडायची? सगळ्यात चांगली भाद्रपदातली उघडीप. दोन-तीन दिवस पाऊस पडून धूळ बसलेली असते आणि ढग वर उचललेले असतात. हिवाळ्यात हवा कोरडी असली तरी सकाळी धुकं, संध्याकाळी पऱ्हाटी-तुराटी जाळल्याचा धूर. अवकाळी पावसानंतरचा दिवस मात्र सोडू नका. उन्हाळा यासाठी पार निकामी. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे अकोला-अमरावतीकराच्या उत्तरेला असलेल्या सातपुड्याच्या अंगावर दिवसभर ऊन असतं आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. दक्षिणेचा बालाघाट त्याच वेळी सावलीत आणि प्रकाशासमोर. त्याला पावसाळ्याच्या तोंडी, सूर्य डोक्यावर असतानाच बघावं, ढगांनी मोकळीक दिली तर.

कोणता डोंगर दिसतो ते ओळखायला पीकफाइंडरसारखं ॲप कामाला येतं. त्यात प्रसिद्ध शिखरांची नावं भरपूर आणि आपल्या टेकड्यांची क्वचित असतात, पण क्षितिजाची रेषा बरोबर काढली जाते. नाव गावकऱ्यांना विचारावं. एकाच टेकडीला दोन बाजूंच्या गावांत दोन नावं असली तर दोन्ही लिहून घ्या.

काही शहरांचा हिशेब

अकोल्याला दोन उत्तरं आहेत. सर्वांत जवळचं पातूर, तीसेक किलोमीटरवर. तिथून मालेगाव-वाशीमकडे जाणारा रस्ता बालाघाट चढतो. चढ दीडशे-दोनशे मीटरचा, पायथ्याला लेणी. सर्वांत जवळचा खरा उठाव मात्र उत्तरेला : अकोट ४५ किलोमीटर, पुढे शहानूर आणि वर नरनाळा. वेळ असेल तर नरनाळाच. पातूर हे संध्याकाळी आठवण आली म्हणून जाण्याचं ठिकाण.

अमरावतीकरांना तक्रारीला जागाच नाही. वडाळी आणि छत्री तलावांच्या मागून पोहरा-मालखेडच्या टेकड्या शहराला लागूनच सुरू होतात, आणि परतवाडा पन्नासेक किलोमीटरवर ठेवून समोर चिखलदऱ्याचा घाट उभा. नागपूरला शहरातच सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी, पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. सातपुड्याची खरी पायरी लागते ती सौंसरच्या पुढे, छिंदवाडा रस्त्यावरच्या सिल्लेवानी घाटात. छिंदवाडा पावणेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरच्या दुपटीहून उंच. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तो आपल्या यादीत येत नाही एवढंच.

सोलापूरहून तुळजापूरला जाताना शेवटी घाट लागतो. देवीला जाणारे हजारो लोक तो चढतात आणि आपण मराठवाड्यातल्या बालाघाट रांगेचा (वऱ्हाडातल्या बालाघाटाचा नव्हे) कडा चढलो हे कोणाच्या मनातही येत नाही. एकदा दर्शन झाल्यावर काठाने दोन तास चालून बघा. बीडकरांसाठी मांजरसुंब्याचा घाट आणि जवळच कपिलधारचा धबधबा. परभणीला खरोखर सपाट म्हणावं अशी जमीन आहे. तिथून जिंतूर गाठावं, चाळीसेक किलोमीटर, आणि नेमगिरीची टेकडी चढावी.

लातूरची गंमत वेगळी आहे. लातूर पठारावरच बसलं आहे, त्यामुळे चढायला आसपास फारसं काही नाही, उदगीरकडचं हत्तीबेट किंवा खरोशाच्या लेण्यांची टेकडी सोडली तर. लातूरकराने डोंगर खालच्या बाजूला शोधावा. अंबाजोगाईला जावं, मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत उतरावं, नाहीतर परळीकडचा घाट पायी उतरून पुन्हा चढावा. आधी उतार आणि मग चढ असा हा प्रकार आहे, तेव्हा पाणी आणि दम दोन्ही परतीसाठी राखून ठेवा.

निघण्याआधी

सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्याचं अंतर यांत डोंगराजवळ फार तफावत पडते. दरीच्या पलीकडचं गाव दोन किलोमीटरवर दिसतं आणि तिथे जायला पंचवीस किलोमीटरचा फेरा पडतो. चालण्याच्या वेळेसाठी स्कॉटलंडच्या नेस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून वापरतात : पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास. तो थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा आहे. आपल्या उन्हात चारशे मीटरला एक तास धरा, मुलं बरोबर असतील तर तीनशेला.

जंगलाची चौकशी आधी करा. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. नरनाळा परिसरही अभयारण्यात येतो. शहानूरला वनखात्याचं प्रवेशद्वार आहे. वेळा, शुल्क, पायी जाऊ देतात की गाडीनेच, हे हंगामागणिक बदलतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करूनच निघा. नकाशावर वाट दिसते म्हणून मागच्या बाजूने घुसू नका, तो गुन्हा आहे आणि अस्वलाला नियम माहीत नसतात.

मार्च ते जूनचा मध्य वर्ज्य. वणवे, पंचेचाळीस अंशांपर्यंतचं ऊन आणि आटलेले झरे, तिन्ही एकदम. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवं दिसतं, पण काळा खडक शेवाळतो आणि वर गेल्यावर ढगापलीकडे काहीही दिसत नाही. सपाट माथ्यावर वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली थांबू नका, काठ सोडून खाली उतरा. कड्यांना आणि जुन्या किल्ल्यांच्या कमानींना आग्या मोहोळं असतात : धूर नको, अत्तर नको, मोठ्याने गाणी तर नकोच.

एसटीने जात असाल तर परतीची शेवटची गाडी सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा, फलकावरची वेळ आणि पायथ्याच्या गावातली वेळ यांचा मेळ असेलच असं नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या. अर्धं संपलं की, माथा आला असो वा नसो, मागे फिरा.